टोग्बेंची वाचा

पाणी पिऊन झाल्यावर नव्या राजदूतबाईंनी वाटी खाली ठेवली आणि दोत्सेकडे न बघता थेट गावच्या राजाला विचारलं,

"टोग्बे, घरचे सगळे बरे आहेत ना? लेकरं, नातवंडं?"

गावाच्याच एवे भाषेत. तीही खाडीकाठची, अस्सल.

अंगणातले वडीलधारे एकमेकांकडे बघून हसले. दोत्सेची काठी मात्र हवेत तशीच राहिली. तो टोग्बेंचा त्सियामी. पाहुण्यानं त्याच्याशी बोलायचं, त्यानं ते टोग्बेंना सांगायचं. टोग्बेंनी हलक्या आवाजात त्याला उत्तर द्यायचं, त्यानं ते अंगणभर ऐकवायचं. त्याच्या बापानंही जन्मभर हेच केलं होतं.

"सगळे बरे आहेत," टोग्बे म्हणाले. स्वतःच्या तोंडानं. "आमची भाषा कुठं शिकलीस गं पोरी?"

"इथंच, टोग्बे. लहानपणी. बाबा पलीकडच्या गावात डॉक्टर होते."

अग्बेको म्हातारा दोत्सेच्या कानाशी झुकला. "तू आज घरी झोपला असतास तरी चाललं असतं."

दोत्सेनं खांद्यावरचं कापड उगाच सारखं केलं.

समुद्राकाठचा पडका किल्ला या बाईंच्या देशानं बांधलेला. म्हणून तिथला प्रत्येक नवा राजदूत राजधानीत, आक्राला रुजू झाला की टोग्बेंच्या भेटीला यायचा. एकानं दारूचा घोट थुंकला होता. पूर्वजांना आधी पाजली, असं दोत्सेनं सांगून वेळ निभावली. एक बसल्या जागी पेंगला; तो आपल्या आईची आठवण काढतोय, असं दोत्से म्हणाला. एकानं किल्ल्यातून गुलाम म्हणून बांधून नेलेल्या माणसांबद्दल माफी मागितली, कागदावरून वाचून, घड्याळाकडे बघत. ती दोत्सेनं अशी सांगितली की म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ते सगळे राजदूत त्याचेच होते.

ही मात्र कुणाचीच मिंधी नव्हती. सिग्ने तिचं नाव. ती बोलत होती आणि टोग्बे पुढे झुकून ऐकत होते. तिनं विचारलं, यंदा खाडीत मासळी कशी आहे; त्यांनी विचारलं, तिची आई जिवंत आहे का, लग्न का केलं नाही. टोग्बे खळखळून हसले. असं हसताना दोत्सेनं त्यांना फक्त आपल्यासोबत, दार लावलेल्या खोलीत पाहिलं होतं. एखादा शब्द तरी चुकेल, म्हणून तो कान देऊन बसला. एकही चुकला नाही.

मग टोग्बेंनी रीतीप्रमाणे विचारलं, "आमच्याकडे सगळं शांत आहे. तू काय निरोप घेऊन आलीस?"

सिग्नेनं हात मांडीवर ठेवले.

"टोग्बे, आमच्या सरकारनं इथली वकिलात बंद करायचं ठरवलंय. मी शेवटची. माझ्यानंतर कुणी येणार नाही."

कोंबडी पाण्याच्या वाटीपाशी आली, तिला कुणी हाकललं नाही. वडीलधाऱ्यांमधून एक गुरगुर उठली. "किल्ला बांधायला आले तेव्हा विचारलं नव्हतं, जातानाही नाही," अग्बेको म्हणाला. सिग्ने पुढचं बोलायला गेली आणि थांबली. तिच्याकडे शब्द भरपूर होते. या जागी ठेवण्याजोगा एकही नव्हता. दोत्सेनं ते पाहिलं. त्याला बरं वाटलं, अगदी मनापासून.

टोग्बेंचा चेहरा मिटला होता. ते मागे टेकून बसले आणि सावकाश त्याच्याकडे वळले.

"दोत्से, पाहुणी काय म्हणाली?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. जसंच्या तसं सांगितलं असतं तरी कुणी त्याला बोल लावला नसता. दोत्से उभा राहिला. त्यानं काठी जमिनीवर टेकवली.

"टोग्बे," तो म्हणाला, "पाहुणी म्हणते, आमच्या लोकांनी होडी वाळूवर ओढून घेतली आहे. वल्ही म्हातारी झाली. पण होडी फुटलेली नाही. आणि हे सांगायला आम्ही परका माणूस पाठवला नाही, तुमच्या खाडीचं पाणी प्यायलेली लेक पाठवली."

सिग्नेनं मान वर केली. ती असं काहीच म्हणाली नव्हती. टोग्बे तिच्याकडे बघत होते.

"असं म्हणालीस तू?"

तिनं दोत्सेकडे पाहिलं. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"हो, टोग्बे," ती म्हणाली. "असंच म्हणाले."

टोग्बेंनी मान हलवली. मग ते दोत्सेच्या बाजूला झुकले आणि त्याच्यापुरत्याच आवाजात म्हणाले,

"तिला सांग..."