लोखंडी कढईतली अंबाडी

रायपूर राजधानी झालं, चौकाचौकांत साहेबांच्या गाड्या वाढल्या, पण माझ्या सुनेच्या लॅबमधली रंगाची बाटली अजून नागपूरहूनच यायची. आली तर आली. क्षमा तोंडातल्या पेशी काचेवर घेऊन रंगवते. पेशीच्या मधला ठिपका ठसठशीत दिसला नाही तर कॅन्सरची सुरुवात कळत नाही. उरला भागातल्या कारखान्यांच्या कामगारांसाठी तोंडाच्या तपासणीचं शिबिर ठरलं आणि नेमका रंग संपत आला. शिबिर रद्द करायची भाषा सुरू झाली, तेव्हा ही म्हणाली, मी झाडपाल्याचा रंग करते.

तिच्या वरच्या डॉक्टर पद्मजा हसल्या नाहीत, पण अट घातली. एकाच माणसाच्या पेशी दोन काचांवर घ्यायच्या, एक उरल्यासुरल्या रंगात, एक हिच्या. हिची काच वाचता आली तरच शिबिर.

मग तात्यापारा मोहल्ल्यातल्या माझ्या स्वयंपाकघराची जी दशा झाली ती काय सांगू! झेंडू झाला, पळस झाला, बीट झालं. पेशी माझ्याच, कारण घरात सकाळी गुडाखूची तंबाखू दातांना घासणारी मी एकटीच. क्षमा काडीने गाल आतून खरवडायची आणि मी कुरकुरत तोंड उघडायची. शेवटी अंबाडीची लाल बोंडं आणली, इथे त्यांना अमारी म्हणतात. तुरटी घालून उकळली, पाणी सुरेख लाल झालं, ठिपका मात्र फिकाच. पोरगी रडकुंडीला आली. मला तिची फार कीव आली.

दुसऱ्या दिवशी तिने बोंडं उकळायला निरंजनला सांगितलं. माझा हा मुलगा सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात आहे, म्हणूनच की काय, त्याने माझी लोखंडी कढई चढवली. पाणी शाईसारखं काळं-जांभळं झालं.

"आंबट कोनी लोखंडात उकळते काय रे? काहून अक्कल गहाण ठेवली?"

"पतीले में दूध था न, आई," तो पुटपुटला.

मी कढई मोरीत उपडी करणार, तेवढ्यात क्षमाने माझा हात धरला.

"फेकू नका आई. मले पाहू द्या."

ते पाणी गाळून ती बाटलीत घेऊन गेली. संध्याकाळी चपला न काढताच आत आली. ठिपका दिसला होता, काळाभोर.

डॉक्टर दोन्ही काचा तपासणार त्या दिवशी मीही गेले. पेशी माझ्या, हक्क माझा. कोणती काच कोणत्या रंगाची हे डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. त्यांनी दोन्ही पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि हिची बाजूला काढली. ही जास्त स्वच्छ वाचता येते, म्हणाल्या. मग पुन्हा डोळा लावला आणि आवाज उतरला. या बाईच्या पेशी बिघडू लागल्यात, अजून कॅन्सर नाही, पण तंबाखू आजच सुटली पाहिजे.

क्षमाने मान खाली घातली. मी पुढे झाले.

"ते बाई मीच होय. अन् रंग माह्या सुनेचा आहे."

गुडाखूची डबी मी त्याच दिवशी नालीत टाकली. शिबिर झालं. कढई मी स्वतः घेऊन गेले, रिक्षात मांडीवर ठेवून, आणि तोंड उघडायला लाजणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं की या कढईतल्या रंगाने आधी माझं दुखणं पकडलं.