बाकाचं दुसरं टोक

सातवीच्या वर्गातला शेवटचा बाक मंगळवारी सकाळी नऊ हात लांब झाला होता. मधल्या सुट्टीपर्यंत तो चौदा हात झाला. मी स्वतः मोजला. एक टोक बाकीच्या मुलांपाशी जागच्या जागी होतं. दुसऱ्या टोकावर पूर्वा डोंगरे बसली होती, आणि तिच्या मागची भिंत थोडी थोडी सरकून बाकाला जागा करून देत होती.

मी या शाळेत खिचडी शिजवते. मुलं मावशी म्हणतात. तांदूळ निवडून झाले की पहिल्या तासाला मी सातवीत येऊन बसते. मला वाचायला त्याच वर्गाच्या मेश्राम मॅडमनी शिकवलं, आणि सराव सुटला तर अक्षरं निघून जातात असं त्या म्हणतात.

सोमवारी मॅडमनी सगळ्यांना एकेक छापील कागद दिला. आपण एकमेकांशी कसं वागतो याचा मुलांनी स्वतःच विचार करावा, असं त्यांच्या मनात होतं. मी दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घेतो का, चुकलं तर कबूल करतो का, असे प्रश्न होते. शेवटची जागा नावासाठी होती: वर्गात माझं कोणाशी पटत नाही? मॅडम म्हणाल्या, यात बरोबर-चूक काही नाही, पण एकही जागा रिकामी ठेवू नका.

बरोबर उत्तर नसलेला कागद मुलांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी नेहमीप्रमाणे मॉनिटर प्रणयच्या कागदात पाहिलं. प्रणयचं त्या सकाळी नळावर पूर्वाशी भांडण झालं होतं, एरवी दोघांचं बरं होतं. त्याने पूर्वाचं नाव लिहिलं. मग पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत सगळ्यांनी तेच उतरवलं. पूर्वानेही शेजारणीचं पाहून उतरवलं. ते आपलंच नाव आहे हे तिला लिहून झाल्यावर दिसलं.

बुधवारी मी ताट घेऊन तिच्यापर्यंत जाईतो खिचडी गार झाली. गुरुवारी हजेरीत तिचं नाव घेतल्यावर तिचा "हजर" पुढची तीन नावं होऊन गेल्यावर आला. मॅडमनी तो आल्यावर खूण केली. त्या दिवशी सुटीच्या घंटेला ती चालत निघाली आणि दारात पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. तिची आई फाटकाला धरून उभी होती. मॅडमना म्हणाली, उद्या हिला वेळेत सोडा.

शुक्रवारी मॅडमनी कागद वाचले. मग कागद परत वाटले आणि खोडायला सांगितलं. प्रणयने इतकं खोडलं की कागद फाटला. सगळ्यांनी खोडलं. बाक वाढतच होता.

"पूर्वाने कागद दिलाच नव्हता, तो तिच्यापाशीच आहे," मॅडम म्हणाल्या. "मावशी, तुम्ही रोज जाता. हा रबर नेऊन द्या. आज ती निघाली तर मध्यरात्रीपर्यंतसुद्धा पोचणार नाही."

मी ताट आणि रबर घेऊन निघाले. मध्ये दोनदा बाकावर बसले. तिसऱ्यांदा वळून पाहिलं तर वर्गातली मुलं निवडायला घेतलेल्या तांदळाएवढी दिसत होती. माझे पाय भरून आले होते, तरी थांबवत नव्हतं.

पूर्वाने पहिला घास घेतला. "मावशी, आज मीठ कमी पडलं."

"खोड आधी," मी म्हणाले.

तिने खोडलं. आम्ही दोघी बाकाकडे पाहत राहिलो. तो आमच्यादेखत एक वीत वाढला.

"अजून एक कागद आहे कुठेतरी," ती म्हणाली.

मी कमरेची पिशवी सोडली आणि माझा कागद काढून तिच्यासमोर ठेवला. सोमवारी मॅडमनी मलाही सरावाला म्हणून दिला होता, मी तो परत केला नव्हता. तिने तो वाचला. मला वाटलं रडेल.

"मी तुमचं काय केलं होतं?"

"काही नाही गं. तुझ्यातलं पाहून लिहिलं."

"माझ्यातलं?" तिला हसू आलं. "माझ्यातलं पाहून कोणी पास झालंय का, मावशी?"

मी रबर घासला. मी पेन्सिल फार दाबून लिहिते. काळं निघालं, पण नाव कागदात रुतलेलं होतं, बोटाला लागत होतं. रबराचा चुरा झाला तरी ते गेलं नाही. बाक आणखी दोन विती वाढला. पूर्वाने ताट मांडीवर घट्ट धरलं आणि विचारलं, आई आली असेल का. मी म्हणाले, आली असेल.

मग मी तिची पेन्सिल घेतली आणि त्या नावावर, त्याच खाचांमधून, कोणाचं न पाहता माझं नाव लिहिलं. दाबून लिहिलं. खालचं नाव हाताला लागेनासं झालं.

बाक आखडू लागला. पूर्वा त्याच्यावर बसल्या बसल्या वर्गाकडे निघाली. मी बसायला गेले तर मला जागा नव्हती. भिंत माझ्यामागे होती तिथेच राहिली.

"मावशी, हात द्या," ती म्हणाली आणि वाकून तिने हात पुढे केला. मीही केला. आमच्या बोटांमध्ये एक वीत अंतर होतं. मग दोन.