वीस प्रश्नांची प्रश्नावली

"माणसाचं कुठलंही व्यसन मोजता येतं!" असं श्रीपाद आगाशेने २००६ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या चर्चासत्रात टेबलावर थाप मारून सांगितलं आणि तो घाईघाईने घरी पळाला, कारण चारला गेम सुरू व्हायचा होता.

जपानी विद्यार्थ्यांचं ऑनलाइन गेमचं वेड मोजणारी प्रश्नावली हा त्याचा पीएचडीचा विषय. गावात शिकायला आलेल्या सहा जपानी पोरांना जवळून न्याहाळावं म्हणून तो त्यांच्या गेममध्ये शिरला आणि निव्वळ शास्त्रासाठी रोज सहा-सहा तास तिथेच बसू लागला.

तीन महिन्यांत पोरांचे प्रश्नावलीतले आकडे दुप्पट झाले. त्याच्या मार्गदर्शक प्रोफेसरबाई खूश झाल्या. "गेनाऊ! अगदी बरोबर, हेच हवं होतं."

फक्त केंजिरो नावाच्या मुलाने 'खेळ का थांबवता येत नाही?' या प्रश्नापुढे नम्रपणे लिहिलं होतं, 'आगाशेसर उठत नाहीत म्हणून.'

श्रीपादने केंजिरोला गाठलं. "अरे, म्हणजे काय?"

"वडीलधाऱ्यांच्या आधी कसं उठायचं, सर? आमच्यातल्या सुसुमूची तोंडी परीक्षा बुडाली, पण तो उठला नाही."

श्रीपादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रबंध मागे घेतो, बाईंना सगळं कबूल करतो, सुसुमूच्या आईवडिलांना माफीचं पत्र लिहितो, असं तो सांगत सुटला. केंजिरोने सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं.

"एवढं नको, सर," तो म्हणाला. "आज फक्त सातला उठाल का? हॉस्टेलवर आमची कपडे धुवायची पाळी आहे."