विहीणबाईंचं ताट

सुंदराबाईंनी हॉटेलच्या बाथरूममध्ये पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेतली, पदर सारखा केला आणि बाहेर येऊन टेबलाशी बसल्या, तिथेच सगळं चुकलं. पण तेव्हा त्यांना ते कसं कळणार? टेबलावर पांढरंशुभ्र कापड अंथरलेलं, पाण्याचे ग्लास भरलेले, वेटर लगबगीने फिरतायत. घरी पालीला सुई घेतली की त्या थेट स्वयंपाकघरात जाऊन भात वाढून घेत. माणसं जेवायला बसली म्हणजे जेवण आलंच, असं कोणालाही वाटेल की नाही?

डॉक्टरांनी बजावलं होतं, सुई घेतल्यावर जेवायला उशीर करायचा नाही, साखर एकदम खाली येते. जवळ खडीसाखर आणि बिस्किटं ठेवायची. ती ठेवलेली होती हो! पण पिशवीत. आणि पिशवी गाडीत. "आई, ती कापडी पिशवी राहू दे ना गाडीतच, इथे बरी नाही दिसत," असं स्वप्ना उतरताना म्हणाली होती, आणि लेकीचं मन मोडायला नको म्हणून सुंदराबाईंनी सुईची डबी तेवढी पदराखाली घेऊन पिशवी सीटवर ठेवून दिली होती. गोळ्या बंद होऊन सुई सुरू झाल्याचं स्वप्नाला माहीतच नव्हतं. लग्नाच्या तोंडावर पोरीला घोर नको, म्हणून घरात फक्त नवऱ्याला, दत्तारामगुरुजींना, ठाऊक होतं.

स्वप्ना ही गुरुजींची एकुलती एक लेक. हॉलंडमध्ये इंजिनियर. तिकडचाच यान नावाचा उंच, लाजरा मुलगा तिने पसंत केला, आणि परवा पालीच्या विहारात त्यांचं लग्न होतं. यानची आई योहाना नवऱ्यामागे एकटीने मुलाला वाढवलेली बाई. रत्नागिरीत उतरल्या उतरल्या तिने व्याह्यांना या समुद्राकाठच्या हॉटेलात जेवायला बोलावलं. साहेबी जेवण. एकेक पदार्थ आणायचा, एकेक प्लेट न्यायची, आणि सगळं काट्या-सुरीने.

त्याची तालीम महिनाभर चालली होती. स्वप्ना हॉलंडहून फोनवर दाखवायची आणि पालीच्या घरात नवराबायको समोर घावणे घेऊन बसायची. "काटा डाव्या हातात, आई. सुरी उजव्या."

"म्हणजे घास डाव्या हाताने तोंडात घालायचा?" सुंदराबाई दचकल्याच. "अगो, डावा हात कशाला असतो ते ठाऊक हाय ना तुला?"

गुरुजींना हसू आवरेना. पण तेच दुसऱ्या दिवशी भेंडीच्या फोडीला काटा टोचत गंभीरपणे म्हणाले, "शिकायचं. आपल्याकडे बोट दाखवायला कोणाला जागा द्यायची नाय." मग सुंदराबाई शिकल्या. डाव्या हाताने घास घेताना पहिल्यांदा अंगावर काटा आला, तरी शिकल्या. एकच गोष्ट त्यांच्या हाताला पटली नाही. मध्ये थांबायचं असेल तर काटा-सुरी प्लेटमध्ये फाकवून, एकमेकांवर आडवी ठेवायची, आणि जेवण झालं की शेजारी शेजारी जुळवून ठेवायची, असं स्वप्नाने सांगितलं होतं.

"कात्री उघडी टाकल्यासारखी?" सुंदराबाई म्हणाल्या होत्या. "भांडणं होतात गो घरात."

"सुंदरा, बौद्धाच्या घरात हे बोलणं शोभत नाय," गुरुजी गुरगुरले होते. त्यांनी फोनसमोर काटा-सुरी फाकवून ठेवली. पण जन्मभर घरात उघडी कात्री दिसली की जाता जाता मिटवणारा हात, तो फोनवरच्या शिकवणीने थोडाच बदलतो?

तर, असे सगळे बसले. भिंतीच्या जागी समुद्राकडे मोठी काच, तिला लागून जमिनीत ठोकलेला सोफा, त्यावर आतल्या अंगाला सुंदराबाई आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूला यान. समोर काचेशी विहीणबाई, त्यांच्याशेजारी स्वप्ना. टोकाच्या खुर्चीत गुरुजी. मानाची जागा म्हणून सुंदराबाईंना काचेपाशी बसवलं होतं. उठायचं तर आधी सहा फुटी जावयाला उठवायला हवं, आणि तो उठला की सगळं टेबल उठणार.

आधी विहीणबाई उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. नवऱ्याची आठवण काढली, डोळे पुसले, स्वप्नाचं कौतुक केलं. स्वप्ना एकेक वाक्य मराठीत सांगत होती. सुंदराबाई हसऱ्या तोंडाने मान डोलवत होत्या आणि मनातल्या मनात म्हणत होत्या, बाई, किती गोड बोलतेस गो, पण आता बस. मग गुरुजींनाही उत्तराचं भाषण सुचलं. आयुष्यभर वर्गात बोललेला माणूस, तो का सोडतोय संधी! त्यांनी पालीच्या हवेपासून सुरुवात केली.

सूप आलं तेव्हा सुंदराबाईंच्या मानेवर घाम फुटलेला होता. आवाज न करता चमचाचमचाने प्यायचं, म्हणजे पोटात काय जाणार? चार चमचे घेतले तोवर विहीणबाईंनी काहीतरी विचारलं. तोंडात घास असताना बोलायचं नाही, म्हणून त्यांनी चमचा प्लेटच्या कडेला नीट ठेवला आणि स्वप्नाकडे पाहिलं. पालीला पाऊस किती पडतो, असं विहीणबाई विचारत होत्या. खूप पडतो, असं सांगेपर्यंत मागून एक हात आला आणि सूप गेलं. सोबतचा पावही गेला.

जाऊ दे, त्यांनी मनाशी म्हटलं, भात येईल.

आला. सुरमईची मोठी तुकडी, बाजूला उकडलेल्या भाज्या आणि वाटीने पालथी घातलेली भाताची मूद. ती मूद बघून त्यांना रडूच यायचं बाकी राहिलं. हाताने खायची असती तर पाच घासांत संपली असती. पण डाव्या हातातल्या काट्यावर भात ठरेना. हात थरथरायला लागलेला, शितं कापडावर सांडायला लागली, आणि प्रत्येक सांडलेल्या शितागणिक विहीणबाई आपल्याकडे बघतायत असं त्यांना वाटत होतं. सुरमईचे दोन घास कसेबसे गेले. तेवढ्यात यान त्यांच्याकडे वळला आणि पाठ केलेलं मराठी म्हणाला, "आई, मासा छान आहे?"

काय करणार? पोराने 'आई' म्हटलं. त्यांनी काटा-सुरी खाली ठेवली. ठेवताना ती फाकली. आणि त्यांच्या त्या शहाण्या हाताने, परवा लेकीचं लग्न आहे हे लक्षात ठेवून, ती अलगद जुळवून शेजारी शेजारी ठेवली.

"छान हाय, बाळा," त्या म्हणाल्या.

टाय बांधलेला वेटर कानाशी वाकला. "मॅडम, झालं? उचलू?"

आता तुम्ही म्हणाल, सांगायचं ना सरळ, की बाबा, थांब, मी अजून जेवतेय. सांगणं सोपं असतं हो, ज्याला कधी पंगतीत खाली मान घालावी लागली नाही त्याला.

सुंदराबाई लहान असताना त्यांचा बाप गंगाराम त्यांना एका मोठ्या घरच्या लग्नाला घेऊन गेला होता. गावची पंगत अंगणात, आणि यांची गोठ्यामागे. वाढणारा वरूनच भात सोडायचा, पानाला पळी लागू नये म्हणून. गंगारामने पोरीसाठी आणखी भात मागितला. "ह्यांना जेवायची रीतच नाय," वाढणारा मोठ्याने म्हणाला, आणि अंगणातली पंगत हसली. निघताना पानांत उरलेलं गोळा करून टोपलीत घालून द्यायला लागले, तेव्हा गंगारामने टोपली तिथेच पालथी घातली. घरी आल्यावर पोरीला समोर बसवून म्हणाला, "धर्म घेतला तो कशाला? मागून खायचं नाय. आणि कोणाचं उष्टं, मेलीस तरी, खायचं नाय."

ते हसणं सुंदराबाईंच्या कानात साठ वर्षांनीही तसंच होतं. आणि समोर विहीणबाई बघत होत्या.

"हो, झालं," त्या म्हणाल्या.

प्लेट गेली. भरल्या मुदीसकट गेली.

आता गोड येईपर्यंत काही येणार नव्हतं, आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय गोड येणार नव्हतं. त्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी मान खाली घालून सुरमईशी झुंजत होते. आयुष्यात कुठल्या परीक्षेला बसले नसतील इतकं मन लावून. अवो, वर बघा, एकदा तरी वर बघा! त्यांनी टेबलाखालून पाय लांब केला, तो यानच्या बुटाला लागला. त्यानेच "सॉरी" म्हणून पाय मागे घेतला. विहीणबाई एक घास खायच्या, काटा-सुरी फाकवून ठेवायच्या, तोंड पुसायच्या, बोलायच्या, हसायच्या. मग पुढचा घास. असं तर संध्याकाळ होईल.

पाठीचा घाम ब्लाऊजमधून गार लागायला लागला. ओठ बधिर झाले. काचेपलीकडचा समुद्र एकदा पुढे यायचा, एकदा मागे जायचा. यानला म्हणावं का, ऊठ? पण पाय उचलतील असं वाटेना. स्वप्नाला हाक मारावी का? तोंड उघडलं तर जीभ जड. आणि एवढ्यातही डोक्यात काय होतं, तर इथे आडवी पडले तर पोरीची शोभा होईल, परवाचं लग्न राहील, ही माणसं म्हणतील कसल्या घरात आलो. जीव चाललाय आणि बाई शोभेची काळजी करतेय! पण असंच असतं. भीती लहानपणीच घातली की ती माणसाच्या आधी मरत नाही.

समोर विहीणबाईंच्या प्लेटमध्ये भात होता. अर्धी मूद. काट्याने एका बाजूने खाल्लेली.

उष्टा भात.

गंगाराम समोर उभा असल्यासारखा दिसला. मेलीस तरी, तो म्हणाला होता. बाबा, सुंदराबाई मनात म्हणाल्या, खरंच मरतेय रे मी.

त्यांचा उजवा हात टेबलावरून पुढे गेला. पाण्याचा ग्लास कलंडला. बोटं विहीणबाईंच्या प्लेटमध्ये शिरली, भाताचा मुठीएवढा घास उचलून तोंडात गेला, मग दुसरा, तिसरा. शितं हनुवटीला लागली, साडीवर पडली. त्यांना कसलंच भान नव्हतं.

"आई!" स्वप्ना ओरडली. "आई, काय करतेस?"

गुरुजींनी वर पाहिलं आणि खुर्ची मागे पाडूनच उभे राहिले. "सुई घेतलीस? सुंदरा, सुई घेतलीस तू? अरे साखर आणा कोणीतरी! साखर!"

मग धावाधाव झाली. वेटर साखरेचं भांडं घेऊन पळत आला, गुरुजींनी ग्लासात साखर ओतून पाणी ढवळलं, यानने मागून त्यांना धरून ठेवलं. स्वप्ना रडत रडत तिकडच्या भाषेत सासूला सांगत होती. सुंदराबाई साखरपाणी प्यायल्या. थोड्या वेळाने समुद्र आपल्या जागी जाऊन थांबला.

आणि मग त्यांना ती प्लेट दिसली. भातात त्यांच्या बोटांचे खड्डे होते. कापडावर पाणी सांडलेलं. सगळ्या हॉटेलचे डोळे याच टेबलाकडे. त्यांनी हात मांडीवर ओढून घेतला आणि मान खाली घातली, तशीच, गोठ्यामागे घातली होती तशी. आता ही बाई प्लेट पुढे सरकवेल, त्या मनात म्हणत होत्या. घ्या, तुम्हीच खा आता, म्हणेल. चांगल्या मनानेच म्हणेल. पण बाबाची टोपली आज माझ्यापुढे येणार.

वेटर घाईघाईने वाकला. "सॉरी मॅडम. ही नेतो, दुसरी फ्रेश प्लेट लावतो."

विहीणबाईंनी प्लेटच्या कडेवर हात ठेवला. जोरात ठेवला. त्या वेटरला काहीतरी म्हणाल्या, पण स्वप्ना डोळे पुसत होती, ते मराठीत सांगायचं राहूनच गेलं. मग विहीणबाईंनी काटा बाजूला ठेवला. आपली लांब, गोरी बोटं त्या भातात घातली, जिथे सुंदराबाईंच्या बोटांचे खड्डे होते तिथेच. घास नीट जमला नाही. अर्धा सांडला, अर्धा तोंडात गेला. त्या चावत राहिल्या, सुंदराबाईंकडे बघत.

गुरुजींनी चष्मा काढला आणि रुमाल सापडेना म्हणून टेबलावरच्या नॅपकिनने डोळे पुसले.

आपलं उष्टं कोणी खाल्लेलं सुंदराबाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं. मग त्यांनी हात वर आणला, प्लेट दोघींच्या मधोमध ओढली आणि विहीणबाईंना बोटं कशी जुळवायची, अंगठ्याने घास कसा पुढे ढकलायचा, ते एकदा करून दाखवलं.

वेटर अजून मागे घुटमळत होता. "मॅडम, उचलू?"

"हात लावू नको," सुंदराबाई म्हणाल्या, पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "जेवतोय आम्ही अजून. आणि भात आण आणखी."