आपल्या माणसाची गाडी

देवेंद्रराव सबनीस वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. वाईट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते. हे आपले इंदूरच्या परदेशीपुऱ्यातले साधे गृहस्थ, कापडाच्या दुकानात तीस वर्षं बिलं फाडणारे, एकुलत्या एका मुलीवर जीव टाकणारे. खोड एकच. समोरचा माणूस मराठी निघाला की यांची अक्कल गहाण पडायची.

"इंदुरात आपण मूठभर. आपणच एकमेकांना नाही धरलं तर कोण धरणार?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. डॉक्टर आपला, शिंपी आपला, गहू दळणारासुद्धा आपला. शिंप्यानं दोन ब्लाउज बिघडवले, तरी त्यांच्या बायकोनं, चारुलताबाईंनी, तिसरं कापड तिथंच टाकायचं. आपला माणूस ना!

तर त्यांच्या मुलीला, शिखाला, नोकरी लागली. पोरगी बीएस्सी झालेली, सांवेर रोडवरच्या एका औषधांच्या कारखान्यात, तपासणीच्या लॅबमध्ये जागा मिळाली. घरातली पहिली पक्की नोकरी, चारुलताबाईंनी गल्लीभर पेढे वाटले. पण अट होती. शिफ्ट सकाळी सहाची, त्या वेळी तिकडे ना बस ना टेम्पो. कारखान्यातल्या भरतीच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, एक तारखेला स्वतःच्या गाडीवर ये, नाहीतर लिस्टमधल्या पुढच्या मुलीला बोलावते. हातात तीन आठवडे होते आणि शिखानं आयुष्यात सायकलच्या पुढे काही चालवलं नव्हतं.

स्कूटी परवडत नव्हती. शिखाच म्हणाली, "बाबा, जुनी छोटी मोटरसायकल बघू ना. माझ्या कॉलेजातली सोनल पण तर चालवते. ॲव्हरेज पण जास्त देते."

आधी दोघं जुन्या गाड्यांच्या बाजारात गेले. तिथला दुकानदार म्हणाला, "बाबूजी, अपना मिस्त्री लेके आओ, खोल के दिखा लो, बिटिया से चलवा लो. फिर बात करेंगे." आता याहून सरळ माणूस कसं बोलतो? पण बाहेर आल्यावर देवेंद्रराव काय म्हणाले? "पाहिलंस, किती गोड बोलतो? असेच लोक गळा कापतात." आणि त्यांनी आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला.

तासाभरात संजीव मोहित्यांचा फोन. मोहिते म्हणजे मंडळाचे माजी सचिव, पणजोबा होळकरांच्या फौजेत, बैठकीत तलवार टांगलेली. "सबनीसजी, बाजारात कशाला जाता? आमच्या देवांशची गाडी उभी आहे ना घरात. माझा भाचा हो. तो पुण्याला गेला, गाडी इथं सडतेय. शंभर सीसी, एकदम मक्खन!"

झालं. दुसऱ्या दिवशी तिघंही मोहित्यांकडे. काळी गाडी, लाल पट्टे, धुऊन पुसून चकचकीत. चहा झाला, चिवडा झाला. शिखानं वडिलांची बाही ओढली आणि हळूच म्हणाली, "बाबा, एकदा मुन्ना भियाला दाखवून घेऊ?" मुन्ना हा त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारा मिस्त्री.

"गप. कुणाच्या घरी बसलोय आपण?"

तेवढ्यात मोहितेबाईंनी शिखाला कुंकू लावलं, हातात नारळ दिला, डोक्यावरून हात फिरवला. आता इतकं झाल्यावर मिस्त्री आणायचा म्हणजे कुणाच्या पंगतीत बसून भात हुंगून बघण्यासारखं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. देवेंद्ररावांनी विचारलं फक्त एवढंच, "काही प्रॉब्लेम तर नाही ना?" आणि मोहिते म्हणाले, "तुम्हाला देईन का मी?" हे काही उत्तर झालं का? पण देवेंद्ररावांना ते पुरलं. मोहित्यांनी स्वतः गाडी चालवत खजरान्याला नेली, गणपतीसमोर हार घातला आणि सबनीसांच्या दारात आणून लावली. मागून रिक्षातून येताना देवेंद्रराव बायकोला म्हणत होते, "बघ, याला म्हणतात आपला माणूस."

बंद पडलेल्या मिलच्या मागं मोकळं मैदान आहे, तिथं शिकवणी सुरू झाली. शिकवणार कोण, तर देवेंद्रराव. पंचवीस वर्षांपूर्वी दोन वर्षं मोपेड चालवलेली, त्यावर सगळा तोरा. मोटरसायकलचा गिअर त्यांनी कधी पायाखाली घेतला नव्हता. पोरीनं मात्र लर्निंग लायसन काढलं, सोनलकडून क्लच-गिअर समजून घेतला आणि दोन दिवसांत गाडी हलवली. तिसऱ्या दिवशी ती फेरी मारून आली आणि म्हणाली, "बाबा, गाडी लेफ्टला ओढतेय."

"गाडी नाही ओढत, तू ओढतेयस. नजर समोर ठेव."

पुढच्या फेरीला तिनं नजर समोर ठेवली. गाडी डावीकडेच गेली. आता नवशिक्या माणसाचं दुखणं हे असतं की चूक आपली की गाडीची, हे त्याला कळतच नाही. कळायला आधी एखादी सरळ गाडी चालवलेली लागते. शिखाला वाटलं, चुकत असेल आपलंच.

तरी आठवड्यानं ती पुन्हा बोलली. "बाबा, ब्रेक मारला ना, की हँडल झटका देतं. खरंच देतं. दाखवू या ना मुन्नाला."

"अगं, मोहित्यांना कळलं तर काय वाटेल? गाडी घेतली आणि लगेच मिस्त्रीकडे! तुझ्या मनात भीती बसलीय, ती काढ आधी."

तिसऱ्यांदा ती म्हणाली तेव्हा ते चिडले. दुकानातून दमून आलेले, वर मैदानात ऊन. "शिखा, नाचता येईना अंगण वाकडं! नोकरी करायची नसेल तर तसं सांग." पोरीनं हेल्मेट घातलं आणि पुन्हा फेरी मारायला गेली. मग तिनं एक उपाय शोधून काढला. हँडल सतत थोडं उजवीकडे दाबून धरायचं, ब्रेकच्या आधी आणखी जोर लावायचा. त्यानं गाडी सरळ जायची. रोज झोपताना चारुलताबाई तिच्या खांद्याला बाम चोळायच्या आणि म्हणायच्या, "होईल गं सवय." दोन आठवड्यांत ती रस्त्यावर चालवू लागली. देवेंद्रराव दुकानात सांगत फिरले की मी शिकवलं.

अठ्ठावीस तारखेला त्यांनी ठरवलं, रंगीत तालीम करायची. सकाळी साडेपाचला निघून कारखान्याच्या गेटपर्यंत जाऊन यायचं. "मी मागं बसतो. रस्ता दाखवतो." शिखा म्हणाली, डबल सीट अजून कधी चालवली नाही. ते म्हणाले, मग आज चालव.

सांवेर रोडला वळेपर्यंत सगळं ठीक होतं. रस्ता ओला नव्हता, ट्रॅफिक नव्हतं, पोरगी ताशी तीसच्या वर गेली नव्हती. पुढं लोखंडी पाइप भरलेली लोडिंग रिक्षा चालली होती, ती एकदम थांबली. शिखानं ब्रेक लावला. हँडलनं डावीकडे हिसका दिला. तरी तिनं सावरलंच असतं, हात तयार झालेला होता तिचा, पण मागून देवेंद्रराव किंचाळले, "राइटला घे! राइटला!" आणि त्यांनी तिचा उजवा खांदाच गच्च पकडला. तिचा हात अडकला, गाडी डावीकडे रस्त्याबाहेर गेली आणि नालीच्या सिमेंटच्या कडेवर आपटली. गाडीखाली शिखाचा पाय होता.

देवेंद्ररावांचे तळहात खरचटले. तेवढंच.

गुडघ्याखाली हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. रॉड घालावा लागला. डॉक्टर म्हणाले, चार महिने पाय टेकायचा नाही, पुढचं पुढे बघू. चारुलताबाईंनी कारखान्यात फोन लावला. बाई चांगल्या होत्या, फार वाईट वाटलं म्हणाल्या, आणि एक तारखेला लिस्टमधली पुढची मुलगी रुजू झाली.

शिखा घरी आल्यावर देवेंद्रराव मुन्नाकडे गेले. गाडी तिथंच ओढून आणली होती. मुन्नानं पुढचं चाक काढून ठेवलं होतं. तो त्यांना वाकायला लावून बोटानं दाखवू लागला. "भिया, ये देखो. ये टूट-फूट अभी की है. और ये वेल्डिंग, ये पेले की है. किसी ने जोर की ठोकी थी. चेसिस बेंड, शॉकर ठोक-पीट के सीधे किए, ऊपर से कलर मार दिया. ये गाड़ी तो सीधी चल ही नी सकती."

देवेंद्ररावांनी बोट फिरवून बघितलं. रंगाखाली वेल्डिंगचा जाड वळ होता, आंधळ्याच्याही हाताला लागला असता.

मुन्ना हात पुसत म्हणाला, "बिटिया ने पंदरा दिन चलाई? इसको? सीधी?" मग मान हलवत म्हणाला, "हाथ भोत अच्छा है भिया उसका. मेरे से नी चलती."

मोहित्यांनी फसवलं, हे जळजळीत होतंच. पण पोरीनं तीनदा सांगितलं होतं, तीनदा, आणि आपण तिला अंगण वाकडं म्हणालो, हे त्याहून जास्त जाळत होतं. घरी येता येता त्यांनी दोन वाक्यं ठरवली. एक मोहित्यांसाठी, मंडळात, चारचौघांत. दुसरं शिखासाठी: बाळा, तुझं काही चुकलं नाही. हे दुसरं वाक्य आधी म्हणायचं, दारात चप्पल काढली की लगेच.

दारात एक जोडा आधीच होता. आत मोहिते बसले होते. सोबत मोसंब्यांची पिशवी.

"या सबनीसजी. आत्ताच कळलं हो. राहवलं नाही." मोहिते खुर्चीत आखडून बसले होते. चारुलताबाई त्यांना पाणी देत होत्या. शिखा पलंगावर, पाय उशीवर, चेहरा सुकलेला.

देवेंद्रराव उभेच राहिले. मोहित्यांनी त्यांच्या हाताकडं बघितलं, बोटांना ग्रीस लागलं होतं. हे मिस्त्रीकडून आलेत, हे त्या माणसाला तेवढ्यानं कळलं. मोहित्यांची नजर खाली गेली. आता बोला! आत्ता बोलायचं, सबनीस. चोर समोर बसलाय, घर तुमचं आहे.

पण बोलायचं म्हणजे सगळंच बोलावं लागलं असतं. वेल्डिंग दाखवायचं म्हटलं की बायको विचारणार, मिस्त्रीला आधी का नाही नेलं? पोरगी म्हणत होती ना? आणि पोरगी ऐकणार, की बाबांनी गप म्हटलं नसतं तर आज ती लॅबमध्ये उभी असती. देवेंद्ररावांनी मुलीकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. भ्याले ते, दुसरं काही नाही.

मोहित्यांना ते कळलं असावं. त्यांनी घसा खाकरला आणि सांभाळून म्हणाले, "काय आहे, नवीन हाताला गाडी जड जाते. त्यात मुलीची जात."

देवेंद्ररावांचा हात पँटवर ग्रीस पुसत राहिला.

"हो," ते म्हणाले. "जमलंच नाही तिला."

मोहिते खुर्चीत सैल झाले. चारुलताबाई चहा टाकायला आत गेल्या. शिखानं पलंगावरून वडिलांकडं पाहिलं. ते फार दमलेले दिसत होते, तळहातांना अजून पट्ट्या होत्या, आणि तिला त्यांची दया आली.

"बाबांनी खूप शिकवलं, काका," ती मोहित्यांना म्हणाली. "रोज उन्हात उभे राहायचे. चूक माझीच होती."