मातीतला डाव

“मग तो पोरगा जगला कसा?” वजीरभाऊंच्या लुळ्या पायांना तेल चोळता चोळता आमच्या ह्यांनी सिस्टरला विचारलं.

मिशनच्या दवाखान्यातली ही सिस्टर आयर्लंडची, पण मराठी झकास बोलायची. बिचारीने धीर द्यायला त्यांच्या पुराणातली गोष्ट काढली होती. कूहुलिन नावाचा वीर, मिसरूडही न फुटलेला. नदीच्या उतारावर एकट्याने अख्खी फौज अडवली. मग शत्रूने पुढे धाडला कोण, तर एकाच गुरूकडे शिकलेला त्याचा जिवलग. दिवसा लढायचे, संध्याकाळी एकमेकांच्या जखमांना पाला लावायचे. शेवटी कूहुलिनच्याच हातून दोस्त गेला. असली गोष्ट धीर द्यायला सांगतात होय?

“लोक अजून त्याची गाणी गातात,” सिस्टर म्हणाली.

“गाणी राहू द्या वो. त्या दिवशी जेवला का त्यो?”

सिस्टर वजीरभाऊंची उशी सारखी करू लागली. ह्यांनी तर अन्नच टाकलं होतं.

हे आणि वजीरभाऊ लहानपणापासून कासारवाडीच्या एकाच तालमीतले. एका तालमीचे पैलवान आपसात कुस्ती धरत नाहीत, वस्तादांची तशी शपथच होती. पण कंपनीत संप झाला आणि युनियनने ह्यांची छाती बघून ह्यांना गेटवर उभं केलं. मेले पुढारी मागे चहा पीत बसले. तिकडे वजीरभाऊंच्या घरातलं धान्य संपलं, ते कामावर निघाले. ह्यांनी अडवलं, त्यांनी ढकललं, आणि ह्यांच्या अंगाने सवयीने धोबीपछाड मारली. मातीत ती खाल्लेला गडी हसत उठतो. गेटपुढे डांबर होतं. वजीरभाऊंची मान मोडली.

पोलिसांना त्यांनी जबाब दिला, पाय घसरला. आणि त्या दिवशी सिस्टर खोलीबाहेर गेल्यावर ह्यांना जवळ बोलावून म्हणतात कसे, “लक्षा, डाव काय बसला रे तुझा! वस्ताद असते तर पाठ थोपटली असती.”

ह्यांनी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. मी धरलं म्हणून, नाहीतर तिथेच संपले असते.

दुसऱ्या दिवशी वजीरभाऊ गेले.

खाटेवरून उचलायला नातलग पुढे झाले. हे दाराशी खाली मान घालून उभे. वजीरभाऊंची बायको झुलेखाभाभी ह्यांच्यापुढे येऊन थांबली. मला वाटलं, आता शिव्याशाप देते. दिले असते तर बरं झालं असतं.

“भावजी, तुमीच उचला. दुसऱ्याच्या हाती न्हाई द्यायची मी.”

ह्यांनी दोन्ही हात वजीरभाऊंच्या अंगाखाली घातले.

“हळू,” ती म्हणाली. “मान सांभाळा.”