खिडकीतली नोन्ना

राजेशनं खुर्ची खिडकीकडे आणखी वीतभर सरकवली, बाहेर जाऊन रस्त्यावरून ती कशी दिसते ते पाहिलं, आणि आत येऊन सासूच्या खांद्यावरची काळी शाल सारखी केली. अकरा ते दोन या काचेतून ऊन येई. त्या उन्हात कणीक वळणारी म्हातारी दिसली की अमेरिकेतल्या अल्फारेटाच्या त्या फुटपाथवरून जाणाऱ्या दहांपैकी तीन माणसं हमखास दार ढकलत आणि तिघांतला एक तरी वाइन मागवी. सासू सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आलेली, तिकीट तिचं तिनं काढलेलं. आज तर मासिकवाली मुलगी येणार होती. 'गावातलं सर्वांत अगत्याचं टेबल' या सदरात एकदा नाव आलं की वर्षभराचे शनिवार भरले म्हणून समजा. एवढ्या लाभापोटी राजेशची गुंतवणूक होती एक काळा झगा आणि एक शाल. दोन्ही सेलमधली.

"आई, टिकली."

रत्नाबाईंनी कपाळावरची टिकली काढली आणि रोजच्यासारखी कानामागे चिकटवली. नवरा, दादाराव, तिकडे वर्ध्याला धडधाकट होता. टिकली कचऱ्यात टाकायला त्यांचा हात होत नसे.

रेस्टॉरंट राजेशनं दोन वर्षांपूर्वी घेतलं होतं, आयटीतली नोकरी गेल्यावर. आधीचा मालक म्हातारा इटालियन. येणाऱ्या प्रत्येकाला तो मिठी मारायचा, गुडघे कसे आहेत म्हणून विचारायचा. राजेशला भट्टी मिळाली, खुर्च्या मिळाल्या, 'कासा लुचिया' ही पाटीसुद्धा मिळाली. मिठी मात्र कागदपत्रांत नव्हती. जुनी गिऱ्हाइकं हळूहळू पांगली. तेव्हा राजेश अभ्यास म्हणून इटलीला जाऊन आला. आठ दिवसांत पाच शहरं पाहिली आणि त्यातली पाच जेवणं इंडियन रेस्टॉरंटात उरकली. परत आल्यावर जो भेटेल त्याला सांगू लागला, "इटालियन हॉस्पिटॅलिटी म्हणजे काय माहितीये, यार? ते लोक फूड विकत नाहीत. फॅमिली विकतात."

मग त्यानंही फॅमिली विकायला काढली.

रत्नाबाई एप्रिलमध्ये आल्या. लेकीच्या ओट्यावर त्यांनी हौसेनं सरगुंडे करायला घेतले. कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळायची, अलगद सरकवून काढायची आणि वाळवायची. विदर्भात हे उन्हाळ्याचं काम. राजेश पाणी प्यायला आत आला आणि ग्लास हातात धरून तसाच बघत राहिला. दुसऱ्याच आठवड्यात खिडकीत खुर्ची लागली. गिऱ्हाइकं त्यांना नोन्ना म्हणू लागली, म्हणजे इटालियन आजी. ती इटालियन आहे असं राजेश एकदाही बोलला नव्हता. लोकांनी स्वतःहून समजून घ्यावं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि लोक समजूतदार होते. आतल्या भांड्यात शिजायचा तो पाकिटातला पास्ता.

रत्नाबाई का बसत, तेही राजेशला पक्कं ठाऊक होतं. लेकीच्या घरचं फुकट खाऊ नये, हा त्यांचा नेम. रोज तीन तास काडीवर कणीक फिरवली की संध्याकाळची पोळी त्यांना घशाखाली उतरे. त्या नेमावर जावयाचा धंदा उभा होता.

"आईला पगार दिला तर ते बेकायदा," अपर्णा एकदा नवऱ्याला म्हणाली होती, "आणि नाही दिला तर ते प्रेम. सोयीचं आहे रे तुझं." एवढं बोलून तिनं लॅपटॉप उघडला. मीटिंग होती. मीटिंग नेहमीच असे.

काल रात्री मासिकवालीचा, जिआनाचा, मेसेज आला होता. माझी आजी इटलीतल्या कलाब्रियाची आहे, तिलाही घेऊन येते, दोघींच्या गप्पा होतील. राजेशची झोप उडाली.

"आई, आज ऐकू येत नाही असं दाखवायचं. ती म्हातारी इटालियनमध्ये बोलेल. तुम्ही नुसतं हसायचं."

"बहिरी होऊ?"

"एका दिवसापुरतं."

"होते की. घरी तर रोजच असते."

राजेश हसला. सासू विनोदी आहे, असं त्याचं मत होतं.

बाराच्या सुमाराला दोघी आल्या. जिआना पंचविशीची, गळ्यात कॅमेरा. आजी बुटकी, हातात पर्स, चालताना एकेका टेबलाकडे बघत येणारी. राजेशनं दोन्ही हात पसरून मिठीचा प्रयत्न केला. म्हातारीनं त्याच्या हातात आपली उन्हाची हॅट दिली आणि ती थेट खिडकीशी गेली.

ती खूप बोलली. रत्नाबाई हसल्या. म्हातारी पुन्हा बोलली. रत्नाबाई पुन्हा हसल्या आणि काडीवरचा एक सरगुंडा त्यांनी सरकवला.

"तिला ऐकू कमी येतं," राजेश जिआनाला म्हणाला. "आणि फार लाजाळू आहे."

"हाऊ स्वीट," जिआना म्हणाली आणि कॅमेऱ्याचं झाकण काढू लागली.

म्हातारीनं दुसरी खुर्ची ओढली. परातीतला गोळा बोटांनी चेपून पाहिला, तो रंगानं जरा तांबूस होता. एक कच्चा तुकडा जिभेवर ठेवला. मग टेबलावरची दुसरी काडी उचलली आणि कलाब्रियात वळतात तशी वळी गुंडाळली. रत्नाबाई उजवीकडून गुंडाळायच्या, ही डावीकडून. दोघींनी एकमेकींच्या हाताकडे पाहिलं. ताटात दोन सरगुंडे शेजारी पडले. सारखेच होते. म्हातारीनं मान वर करून राजेशकडे पाहिलं, भाजीवाल्याच्या तराजूकडे पाहावं तसं.

मेलो, असं राजेशला वाटलं. पण म्हातारी पुन्हा रत्नाबाईंकडे वळली होती. तिनं पाची बोटं जुळवली, तोंडाजवळ नेली आणि हनुवटी जराशी उचलली.

जेवलीस?

रत्नाबाईंचा हात थांबला. चार महिने त्या या काचेत बसत होत्या. बाहेरून लोकांनी हात हलवले होते, फोटो काढले होते, एका बाईनं तर लाडानं गाल ओढला होता. नोन्ना खाताना दिसली तर फोटो बिघडतो, म्हणून त्यांचा डबा मागे, भांडी धुण्याच्या सिंकपाशी असे. वेळ दोननंतरची.

"तिचं झालंय जेवण," राजेश घाईनं म्हणाला. "कधीच."

रत्नाबाईंनी म्हातारीकडे बघून मान हलवली. नाही.

म्हातारी उठली. रत्नाबाईंच्या बोटांचं पीठ तिनं आपल्या रुमालानं पुसलं, दंडाला धरून त्यांना मधल्या टेबलाशी नेलं आणि खुर्चीवर बसवलं. मग शेजारी स्वतः बसली आणि तीन बोटं राजेशला दाखवली.

"तीन प्लेट," जिआनानं सांगितलं. तिनं खिडकीतल्या ताटाकडे बोट केलं. "माझी नोन्ना म्हणते, पाकिटातले नकोत. ते."

सरगुंडे शिजले. राजेशनं स्वतः वाढले, कारण कॅमेरा त्याच्यावर होता. लग्नानंतर सात वर्षं सासुरवाडीला गेला की पाटावर बसून जेवलेल्या जावयानं सासूपुढे ठेवलेलं हे पहिलं ताट. ठेवताना तो वाकला, आणि वाकल्यावर दिसलं की रत्नाबाई कानामागे हात नेत आहेत. त्यांनी टिकली काढली, न बघता कपाळावर नेमकी लावली आणि पहिला घास घेतला. काट्यानं नव्हे, हातानं. म्हातारीनं ते पाहिलं आणि आपलाही काटा बाजूला ठेवला.

जिआनाचा कॅमेरा चार-पाच वेळा वाजला. राजेशनं मोजलं नाही. जेवण झाल्यावर जिआनानं बिल मागितलं.

"बिल कसलं?" तो हात जोडून म्हणाला. "तुम्ही पाहुण्या."

"मासिकाचा नियम आहे," जिआना म्हणाली. "फुकट खायचं नाही." आणि दोन प्लेटचे पैसे तिनं कार्डावर दिले.

तिसऱ्या प्लेटसाठी म्हातारीनं पर्स उघडली.

"छे, छे," राजेश म्हणाला. "ती घरचीच आहे."

जिआनानं ते आजीला सांगितलं. आजीनं त्यावर एक लांब वाक्य उच्चारलं. जिआनाचे कान लाल झाले.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही," जिआना म्हणाली.

म्हातारीनं वीस डॉलरची नोट टेबलावर ठेवली. राजेश प्लेटचे अठरा धरून उरलेले दोन परत करायला निघाला, तेव्हा तिनं आधी त्याच्या हातातल्या ताटाकडे आणि मग त्याच्याकडे बोट दाखवलं. वाढणाऱ्याला टिप, असा त्याचा अर्थ होता. मग रत्नाबाईंच्या दोन्ही गालांना गाल लावून ती नातीचा हात धरून बाहेर पडली.

राजेशनं नोट उचलली.

"आई, नुसतं हसायचं ठरलं होतं ना आपलं?"

"बहिरी व्हायचं ठरलं होतं, जावईबापू," रत्नाबाई म्हणाल्या. "भरल्या पोटाची व्हायचं नव्हतं ठरलं."

त्यांनी शाल काढली, चौपदरी घडी करून खिडकीतल्या खुर्चीवर ठेवली आणि डबा घेऊन त्या बाहेरच्या बाकावर अपर्णाची वाट बघत बसल्या. डबा जड होता, उघडलेलाच नव्हता.

राजेशनं गल्ला उघडला. दोन प्लेट मासिकाच्या, एक त्या म्हातारीची. अठरा रेस्टॉरंटचे, दोन त्याचे. जावयाचं काहीच गेलं नव्हतं, आणि रत्नाबाईंचा नेमही मोडला नव्हता.